प्रकरण पाचमधल्या बाई

टाचणीबाई मागच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला निवृत्त झाल्या, म्हणून आता हे लिहायला मी मोकळा झालो. त्याआधी एक अक्षर लिहायचं नाही, कुठं बोलायचंही नाही, असं त्यांनीच मला बजावलं होतं. का, ते पुढं येईलच.

मी सरकारी खरेदीचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो. निविदा कशी काढायची, कशी उघडायची, कंत्राटदाराशी किती बोलायचं आणि कुठं तोंड बंद ठेवायचं, हे सगळं पाच दिवसांत शिकवतो आणि सहाव्या दिवशी परीक्षा घेतो. सतरा वर्षं झाली. माझ्या वर्गातून दोन-अडीच हजार कारकून तरी गेले असतील. त्या सगळ्यांना मी टाचणीबाईंची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, एवढाच काय तो माझा सभ्यपणा. गोष्ट खोटी होती.

आधी बाई कशा होत्या ते सांगतो. खरेदी शाखेत आमची टेबलं शेजारी-शेजारी. वयाने मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, हुद्द्याने एक पायरी वर. त्यांचा नवरा शिंपी. त्याच्या दुकानातली, मनगटाला बांधायची टाचण्यांची छोटी गादी त्या घड्याळासारखी डाव्या हातावर बांधून यायच्या. कुठं सैल कागद दिसला की टाचलाच म्हणून समजा. एकदा साहेबांच्या टेबलावर पडलेली घरच्या किराणा सामानाची यादी त्यांनी फायलीला टाचून वरच्या कार्यालयात पाठवली होती, आणि तिकडून ती ‘मान्य’ असा शेरा घेऊन परत आली होती. तेव्हापासून त्यांचं नाव टाचणीबाई पडलं.

बोलणंही तसंच. माझी टिपणी वाचून म्हणायच्या, “भाऊ, एका पानात तीन ‘तथापि’ आहेत. एकटा दमतो का?” पण माझी बायको तीन आठवडे दवाखान्यात होती तेव्हा माझ्या टेबलावरच्या झाडून सगळ्या फायली त्यांनीच हातावेगळ्या केल्या आणि साहेबांना कळू दिलं नाही. परत आल्यावर मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, “आभार राहू द्या. अक्षर सुधारा.”

त्यांना एकच गोष्ट हवी होती. शाखेच्या कोपऱ्यात खिडकीपाशी मुख्य लिपिकाची खुर्ची होती. “त्या खुर्चीत बसायचंय मला,” त्या उघड म्हणायच्या. “चुका मी आत्ताही काढते. पण तिथं बसून काढल्या तर लोकांना दुरुस्त कराव्या लागतात.” आम्ही हसायचो. पण सगळ्यांना माहीत होतं की ती खुर्ची रिकामी झाली की त्यांचीच.

त्या वर्षी शाळांसाठी बाकं घ्यायची होती. सात निविदा आल्या. प्रत्येक निविदेत दोन लिफाफे असतात. एकात कागदपत्रं, अनुभवाचे दाखले वगैरे, दुसऱ्यात दर. आधी कागद तपासायचे, जे पात्र ठरतील त्यांचेच दर मग सगळ्यांसमोर उघडायचे. तोवर दराचे लिफाफे कपाटात कुलूपबंद. किल्ली टाचणीबाईंकडे असायची, आणि ती दुसऱ्याच्या हातात द्यायची तर वहीत नोंद करून.

एका दुपारी त्यांच्या मुलीच्या शाळेतून फोन आला. मुलगी जिन्यावरून पडली होती. बाई उठल्या, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, “भाऊ, तासाभरात येते,” म्हणाल्या आणि धावतच गेल्या. नोंद राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच राहिली असेल.

मी तेव्हा कागद तपासत होतो. एका कारखानदाराचा अनुभवाचा दाखला सापडत नव्हता. असं नेहमी होतं, लोक घाईत दाखला दराच्या लिफाफ्यात घालून बसतात. हा माणूस बाकं चांगली करायचा आणि एका कागदापायी बाद होणार होता. मला त्याची दया आली. खरंच दया आली, त्यात दुसरं काही नव्हतं. मी कपाट उघडलं, त्याचा दराचा लिफाफा काढला आणि पट्टी घालून अलगद सोडवला. दाखला आतच होता! मला कोण आनंद झाला. मग त्याच्यामागचा कागद दिसला, दरपत्रक. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय. दाखला परत आत सारला, डिंक लावला, लिफाफा जागेवर ठेवला. बाई आल्या, मी किल्ली दिली, मुलीची चौकशी केली. “हात मोडलाय,” त्या म्हणाल्या. मी वाईट वाटल्याचं सांगितलं. बाकीचं सांगितलं नाही.

लोक समजतात डिंक म्हणजे कुणाला कळत नाही. दर उघडायच्या दिवशी दुसऱ्या एका कारखान्याच्या माणसाने तो लिफाफा खिडकीशी धरला आणि म्हणाला, “ह्याला दोनदा डिंक लागलाय.” सभेत गलका झाला. निविदा रद्द झाली, सगळं पहिल्यापासून, आणि त्या शाळांमधली मुलं आणखी एक वर्ष फरशीवर बसली.

त्या संध्याकाळी जिन्यात मी बाईंना गाठून सगळं सांगितलं. “आत्ताच्या आत्ता साहेबांकडे चला,” त्या म्हणाल्या.

“बाई, दोन दिवस द्या. परवा बढतीची यादी निघतेय, माझं नाव आहे. ती निघाली की मी स्वतः जाऊन सांगतो. शपथ घेऊन सांगतो.”

“दोन दिवस,” म्हणाल्या. “तिसरा नाही.”

दुसऱ्याच दिवशी चौकशी अधिकारी आला. शाखेतल्या सगळ्यांना उभं केलं. किल्ली कुणाकडे होती? “माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. मध्ये कुणाला दिली होती का? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. “वहीत नोंद नाही,” त्या म्हणाल्या. खोटं त्या तेव्हाही बोलल्या नाहीत.

यादी निघाली, माझं नाव होतं. पहिल्या दिवशी वाटलं, आज लगेच गेलो तर बरं दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर. तिसऱ्या दिवशी अहवाल वर गेला होता, आणि मग आता सांगून काय उपयोग, असं म्हणायची माझी सोय झाली. बाईंची बढती रोखली. त्यांना खालच्या मजल्यावर आवक-जावकमध्ये बसवलं, जिन्याखालचं टेबल, दिवसभर टपालावर शिक्के मारायचे. त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत. समोर आल्या तर बाजूला व्हायच्या, वाट द्यायच्या. भाऊ म्हणणं तेवढं बंद झालं.

आणि माझं काय झालं? साहेबांनी मला सांगितलं, असे प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून एक टिपण लिही. मी लिहिलं. काय लिहिलं होतं! लिफाफे कसे ठेवावेत, किल्ली कशी सांभाळावी, नोंदी कशा कराव्यात. ज्याने घर पेटवलं त्याच्याइतकं आगीबद्दल कोण लिहिणार? टिपण वर गेलं, तिथल्या लोकांना आवडलं, आणि वर्षाच्या आत मला प्रशिक्षण केंद्रावर घेतलं.

तिथल्या पाठ्यपुस्तिकेत मी ते प्रकरण घातलं, प्रकरण पाच. ‘एका लिपिकेचा निष्काळजीपणा’. सुरुवातीला साधं होतं. पण दुपारचा वर्ग असतो, पंखा कुरकुरत असतो, लोक जेवून आलेले असतात, डोळे मिटायला लागतात. त्यांना जागं ठेवायला मी गोष्टीत रंग भरत गेलो. लिपिका भोचक झाली. तिला दर जाणून घ्यायची खाज सुटली. तिने चहाची केटली मागवली आणि वाफेवर लिफाफा धरला. मी ते नाक पुढं करून वाकणं हुबेहूब करून दाखवायचो आणि वर्ग पोट धरून हसायचा. अभिप्रायाच्या कागदावर लोक लिहायचे, “केटलीवालं उदाहरण फार आवडलं.” दुसऱ्या कार्यालयांतून बोलावणी यायला लागली. माझी सगळी कीर्ती त्या केटलीवर उभी होती.

मग दोन वर्षांपूर्वी नवा नियम निघाला. खरेदी शाखेत मुख्य लिपिक व्हायचं तर आमच्या केंद्राचं प्रमाणपत्र हवं, आणि निवृत्तीला दोन वर्षांहून कमी राहिली असतील तर प्रशिक्षणाला प्रवेशच नाही. पुढच्या तुकडीची यादी टेबलावर आली. एकतिसावं नाव टाचणीबाईंचं. त्यांची रोखलेली बढती केव्हाच मोकळी झाली होती, खिडकीपाशची खुर्ची त्याच वर्षी रिकामी होणार होती आणि ह्या तुकडीत नाही तर मग कधीच नाही, असा हिशेब होता. तुकडी दुसऱ्या प्रशिक्षकाला देता आली असती. पण तो विचारेल का, मग काय सांगायचं, ह्या विचारात आठवडा गेला आणि सोमवार उजाडला.

त्या तिसऱ्या रांगेत बसल्या. केस पांढरे झाले होते, मनगटावर गादी नव्हती. हजेरीला मी नाव घेतलं तर “हजर, सर,” म्हणाल्या. दोन-अडीच हजार लोकांनी मला सर म्हटलंय, त्या एकट्यांचं ऐकून हजेरीतली पुढची दोन नावं माझ्याकडून वाचायची राहिली.

मी ठरवलं, प्रकरण पाच ह्या वेळी गाळायचं. गुरुवारी चारवरून सहावर उडी मारली. पण पहिल्या रांगेत एक चष्मेवाला अभियंता होता, फार हुशार आणि तितकाच आगाऊ. त्याने हात वर केला. “सर, पाच राहिलं! आमच्या ऑफिसात सगळे सांगत होते, काही झालं तरी केटलीवालं चुकवू नका.” वर्ग हसला. शिवाय वेळापत्रकात छापलेलं होतं: प्रकरण पाच, भूमिका-वठवणी. कार्यालयीन संवादकौशल्याच्या नावाखाली आम्ही प्रशिक्षणार्थींना अशी सोंगं घ्यायला लावतो. कुणी साहेब होतो, कुणी कंत्राटदार.

चष्मेवाल्याने स्वतःच कारभार हाती घेतला. “मी चौकशी अधिकारी. लिपिका कोण होणार?” वर्गात बायका चार, तिघी पंचविशीच्या आतल्या. त्याने मागं वळून पाहिलं. “मावशी, तुम्ही या. तुम्हाला शोभेल.”

मी तोंड उघडलं. ‘त्यांना नको’ एवढं म्हणायचं होतं. पण बाई तोवर उठून पुढं आल्या होत्या. फळ्यासमोर उभ्या राहिल्या, पदर नीट केला, हात समोर धरले.

“कपाटाची किल्ली कुणाकडे होती?” चष्मेवाल्याने आवाज जाड करून विचारलं.

“माझ्याकडे.”

“मध्ये कुणाला दिली होती?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर्गाकडे पाहत म्हणाल्या, “वहीत नोंद नाही.”

“मग लिफाफा उघडला कुणी?”

त्या गप्प राहिल्या. पंख्याचा आवाज येत होता. तेव्हा मी दोन शब्द बोललो असतो तर पस्तीस माणसांसमोर सगळं निकालात निघालं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, “वेळ संपली.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. चष्मेवाला म्हणाला, “काय ॲक्टिंग केलीत मावशी! सर, त्या खऱ्या बाईचं पुढं काय झालं हो?”

“कल्पना नाही,” मी म्हणालो.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं. हातात कप, बशीत दोन बिस्किटं. मी म्हणालो, “बाई, उद्या मी वर्गात खरं काय ते सांगतो. वरही लेखी देतो. मला राहवत नाही आता.”

त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “केटली कुठून आणलीत?” त्यांनी विचारलं. “आपल्या शाखेत केटली नव्हतीच. चहा खालून कपातूनच यायचा.”

“वर्ग जागा राहावा म्हणून,” मी म्हणालो.

“काही सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आत्ता तुम्ही तोंड उघडलंत तर चौकशी पुन्हा उघडेल. चौकशी चालू असलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही, सोमवारी तुम्हीच शिकवलंत. ती मिटायला चार वर्षं. माझी राहिलीत दोन. मला ती खुर्ची हवी आहे. तुमचं मन हलकं करायला मी ती सोडू का?”

“मग मी काय करू?”

“मी निवृत्त होईपर्यंत गप्प बसा. सवय आहेच तुम्हाला.”

मी विचारलं, मुलीला तरी खरं सांगितलंय का. त्या कठड्याला टेकल्या. “तिला वाटतं, तिच्यामुळं झालं. ती पडली म्हणून मी धावले, धावले म्हणून नोंद राहिली. आठ वर्षांची होती, आता चोवीसची आहे, अजून म्हणते, आई, मी त्या दिवशी जिना नीट उतरायला हवा होता. मी सांगते, बाळा, तुझं काही नाही. मग कुणाचं, विचारते. तिथं मी थांबते. तुम्हाला शब्द दिला होता ना.”

तो शब्द दोन दिवसांचा होता. मी माफी मागायला लागलो. हात जोडले होते, डोळे भरले होते, आणि खरं सांगतो, त्यातही मला स्वतःचंच जास्त वाईट वाटत होतं. त्यांनी कप खाली ठेवला.

“माफीचं राहू द्या. ते फेरनिविदेचं मला नीट कळलेलं नाही. मुदत कुठल्या तारखेपासून धरायची? परवा विचारलं तर मी अडकेन.”

मग मी तिथंच व्हरांड्यात त्यांना फेरनिविदा शिकवली. त्यांनी वहीत लिहून घेतलं, दोन ठिकाणी मला अडवलं, एका ठिकाणी माझीच चूक काढली. पुढचा तास सुरू व्हायची घंटा झाली तसं “आलं लक्षात, सर,” म्हणून त्या आत गेल्या.

प्रश्नपत्रिका महिनाभर आधीच छापून, मोहोर लावून कपाटात होत्या. त्यात दहा गुणांचा प्रश्न प्रकरण पाचवर होता, दर वर्षी असतोच, मीच काढलेला. शुक्रवारी मी किल्ली घेऊन त्या कपाटासमोर उभा राहिलो. एक पाकीट फोडायचं, तो प्रश्न बदलायचा, पुन्हा चिकटवायचं. हा विचार माझ्या डोक्यात आला, हे लिहिताना लाज वाटते. मी किल्ली परत ठेवली.

शनिवारी परीक्षा झाली. उत्तरपत्रिकांवर नावं नसतात, क्रमांक असतात, पण ते अक्षर मी शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं पाहिलं होतं. फेरनिविदेचं उत्तर अचूक होतं. करारातल्या अटींचं एक उत्तर अर्धवट राहिलं होतं, त्याचे तीन गुण गेले. उत्तीर्ण व्हायला साठ लागतात. प्रकरण पाचचा प्रश्न सोडून माझी बेरीज चोपन्नावर आली.

प्रश्न असा होता: ‘प्रकरण पाचमधील लिपिकेच्या चुका लिहा.’ मला वाटलं होतं, त्या इथं तरी काहीतरी लिहितील. एखादी ओळ, एखादा टोमणा. निदान जागा कोरी सोडतील. मी वाचायला लागलो.

‘लिपिकेने किल्लीची नोंद ठेवली नाही. लिपिकेने कुतूहलापोटी दराचा लिफाफा उघडला. लिपिकेने ही गोष्ट वरिष्ठांना वेळेवर सांगितली नाही. तिच्या ह्या निष्काळजीपणामुळे शाळांतील मुलांचे नुकसान झाले. तिला झालेली शिक्षा योग्य होती.’

पुस्तिकेच्या शेवटी छापलेल्या माझ्या आदर्श उत्तरातला शब्द न् शब्द होता. एकही काना इकडचा तिकडे नव्हता. पाठ करून आल्या होत्या.

पैकीच्या पैकी गुण दिले तर परीक्षकाने समासात कारण लिहून सही करायची, असा आमचा नियम आहे. मी दहापैकी दहा दिले, बेरीज चौसष्ट केली. मग समासात लिहिलं, ‘उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे’, आणि खाली सही केली.